ढिगाच्या आतली ओल

२०१५ सालची एक जाहिरात आहे. गाडीत तीन म्हाताऱ्या बसल्यात आणि त्यांचं डिझेलवरून भांडण जुंपलंय. डिझेल म्हणजे घाण, धूर, काजळी, असं एकीचं म्हणणं. मग जिची गाडी आहे ती आपला पांढराशुभ्र स्कार्फ घेते, चालू गाडीच्या सायलेन्सरशी धरते आणि मैत्रिणींना दाखवते. स्कार्फवर डाग नसतो. जाहिरात अमेरिकेतली, गाडी फोक्सवॅगनची. 'क्लीन डिझेल' हे त्या गाड्यांचं ब्रीद होतं.

मला ही जाहिरात फार महत्त्वाची वाटते, कारण स्कार्फ खोटं बोलत नव्हता. त्या गाड्यांना काजळी अडवणारा फिल्टर होता आणि तो आपलं काम करत होता. घोटाळा होता तो नायट्रोजनच्या ऑक्साइडचा, ज्याला गाडीवाले 'नॉक्स' म्हणतात. डिझेल इंजिनात उष्णता इतकी असते की हवेतलाच नायट्रोजन आणि हवेतलाच ऑक्सिजन एकमेकांना धरतात. जे तयार होतं ते सायलेन्सरच्या तोंडाशी डोळ्यांना दिसत नाही. कापडावर उतरत नाही. छातीत उतरतं. लहान मुलांच्या दम्याशी त्याचा संबंध डॉक्टर कधीपासून सांगतायत.

१८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नोटीस काढली. कंपनीने सुमारे ४ लाख ८२ हजार डिझेल गाड्यांमध्ये असं सॉफ्टवेअर बसवलंय की गाडीला परीक्षा ओळखता येते. प्रयोगशाळेत गाडी रोलरवर उभी करतात. चाकं फिरतात, पण स्टिअरिंग हलत नाही, आणि वेग ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वरखाली होतो. एवढ्यावरून गाडीला कळायचं की आपल्याकडे कुणीतरी बघतंय. मग ती सगळी यंत्रणा नीट चालवायची. रस्त्यावर आली की ढिली सोडायची. रस्त्यावर नॉक्स मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात होता. पुढे कंपनीने कबूल केलं की जगभरात असं सॉफ्टवेअर असलेल्या गाड्या सुमारे १ कोटी १० लाख आहेत.

चोरी पकडणाऱ्यांची गोष्टही सांगण्यासारखी आहे. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या एका छोट्या गटाने २०१३ मध्ये गाडीच्या मागे मोजयंत्र आणि जनरेटर लादून कॅलिफोर्नियाचे रस्ते पालथे घातले. एक गाडी तर लॉस एंजेलिसहून पार सिअॅटलपर्यंत नेऊन आणली. डॅन कार्डर प्रमुख, आणि विद्यार्थ्यांत मार्क बेश, अरविंद तिरुवेंगडम आणि बेंगळुरूचा हेमंत कप्पन्ना. त्यांना कुणाला पकडायचं नव्हतंच. कडक नियम असलेल्या अमेरिकेत डिझेल गाड्या किती स्वच्छ धावतात हे दाखवून युरोपला धडा द्यावा, अशा हेतूने हे काम निघालं होतं. आकडे आले तेव्हा आपलंच यंत्र बिघडलंय की काय, अशी त्यांना शंका आली. जेट्टा गाडी मर्यादेच्या १५ ते ३५ पट नॉक्स सोडत होती.

कंपनीने हे का केलं याचं उत्तर गुंतागुंतीचं नाही. नॉक्स पकडणारा सापळा अधूनमधून साफ करावा लागतो, आणि त्यासाठी जास्तीचं डिझेल जाळावं लागतं. दुसरा उपाय युरियाच्या टाकीचा; त्यात खर्च वाढतो, जागा जाते, आणि टाकी भरायची कटकट गिऱ्हाइकाच्या डोक्याला लागते. गिऱ्हाइकाला ॲव्हरेज हवं, पिकअप हवा, कटकट नको. ते सगळं त्याला दिलं, आणि त्याची किंमत हवेच्या नावावर लिहिली.

आता मालकांकडे येते. मला मुळात त्यांच्याबद्दलच लिहायचंय.

फसवणूक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे नुकसान झालेला गिऱ्हाईक येतो. दुधात पाणी, तुपात डालडा, मापात पाप. इथे गिऱ्हाइकाच्या पदरात खराब माल पडलाच नव्हता. गाडी झकास पळत होती, ॲव्हरेज देत होती, बंद पडत नव्हती. नोटीस निघाली त्या दिवशी संध्याकाळी गाडीत काही बदललं नव्हतं. पर्यावरण खात्यानेच मालकांना सांगितलं की गाडी सुरक्षित आहे, चालवा, विकायची तर विका, तुमच्यावर कारवाई नाही. तरी माणसं संतापली. पैशापेक्षा वेगळंच काहीतरी त्यांना लागलं होतं.

त्यातल्या कितीतरी जणांनी ही गाडी पर्यावरणाचा विचार करून घेतली होती. २००९ ची जेट्टा अमेरिकेत 'ग्रीन कार ऑफ द इयर' ठरली होती. तो किताब २०१५ मध्ये परत घेण्यात आला. घेणाऱ्याला सरकारने १,३०० डॉलरची करसवलतही दिली होती. म्हणजे चार पैसे जास्त मोजून, शेजाऱ्याला अभिमानाने सांगून, सरकारची शाबासकी घेऊन माणसाने एक चांगलं काम म्हणून गाडी घेतली. आणि सहा वर्षांनी कळलं की रोज सकाळी मुलांना शाळेत सोडताना शाळेच्या फाटकाशी आपणच ते सोडत होतो. त्याला लुटलं असतं तर तो फक्त चिडला असता. इथे त्याच्या हातून दुसऱ्याला लुटवलं होतं, आणि तेही त्याच्या नेकीचा वापर करून.

अर्थात सगळे मालक असे हळवे नव्हते. काहींना ॲव्हरेजशी मतलब होता, आणि त्यांना दुरुस्ती नकोच होती, कारण दुरुस्तीनंतर गाडी मंदावेल अशी भीती होती. २०१६ मध्ये समझोता झाला, १४.७ अब्ज डॉलरचा. सॅन फ्रान्सिस्कोचे न्यायाधीश चार्ल्स ब्रेयर यांनी ऑक्टोबरमध्ये त्याला मंजुरी दिली. गाडी परत द्या आणि सप्टेंबर २०१५ च्या आधी होती ती किंमत घ्या, वर किमान ५,१०० डॉलर नुकसानभरपाई घ्या. किंवा दुरुस्त करून ठेवा आणि भरपाई घ्या. बहुतेकांनी गाडी परत दिली. अट एकच होती, गाडी स्वतःच्या इंजिनावर चालत आली पाहिजे. मग काही हुशार लोकांनी दरवाजे, बंपर, सीट काढून विकले आणि सांगाडा चालवत आणून उभा केला. न्यायाधीशांना त्यांना समज द्यावी लागली. माणूस सगळीकडे सारखाच, हे वाचून जरा बरंही वाटलं.

परत घेतलेल्या गाड्या ठेवायला जागा पुरेना. कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलचं वाळवंट, मिशिगनमधल्या एका पडीक स्टेडियमचं मैदान, अशा ३७ ठिकाणी मिळून जवळपास तीन लाख गाड्या उभ्या होत्या. आकाशातून काढलेले फोटो आहेत. रांगाच रांगा, धुवून पुसून ठेवल्यासारख्या.

आमच्याकडे लहानपणी मदरशात एक गोष्ट सांगायचे. आमच्या वाचकांपैकी बहुतेकांना ती माहीत असेल. पैगंबर साहेब बाजारातून चालले होते. धान्याचा ढीग दिसला, त्यांनी आत हात घातला, बोटांना ओल लागली. विक्रेत्याला विचारलं, हे काय? तो म्हणाला, पावसाने भिजलं. मग भिजलेलं वर का नाही ठेवलंस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी त्याला विचारलं. पाऊस पडला यात त्या माणसाचा दोष नव्हता. दोष रचण्यात होता. आपल्या फिकहमध्ये यावरून पुढे सविस्तर नियम आले. मालात ऐब असेल तर विक्रेत्याने सांगितला पाहिजे. लपवलेला ऐब नंतर सापडला, तर माल परत करून पैसे मागण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे. ब्रेयर साहेबांचा निकाल वाचताना मला वाटलं, हे तर आपल्या ओळखीचं आहे.

पण मग अडखळले. धान्याच्या गोष्टीत ओला दाणा घेणाऱ्याच्याच घरी जाणार होता. या गाड्यांतली ओल तिसऱ्याच्याच घरी गेली. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये हिशेब मांडला: २००८ ते २०१५ या काळात या जास्तीच्या नॉक्समुळे अमेरिकेत सुमारे ५९ अकाली मृत्यू. त्यांनीच पुढे युरोपचा हिशेब केला. जर्मनीत विकलेल्या गाड्यांमुळे युरोपात सुमारे १,२०० मृत्यू. हे ५९ कोण, हे कुणालाही सांगता येणार नाही. कुणाच्या दाखल्यावर 'नॉक्स' असं लिहिलेलं नसतं. लिहिलेलं असतं दमा, हृदयविकार, वय.

हुकूकुल-इबाद, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क, याबद्दल लहानपणापासून ऐकत आलोय की ते माफ करायला ज्याचा हक्क मारला तोच लागतो. पाच वक्त नमाज पढून ते फिटत नाहीत. मग या ५९ जणांकडे माफी मागायला कुणी जायचं, आणि कुठल्या पत्त्यावर? कंपनीने दंड भरला. अमेरिकेतल्या फौजदारी खटल्यात तिने २.८ अब्ज डॉलर मोजले, जर्मनीत १ अब्ज युरो. समझोत्यात हवा सुधारण्यासाठीही निधी राखून ठेवला होता, हे सांगायला हवं. ओलिव्हर श्मिट या अधिकाऱ्याला सात वर्षांची शिक्षा झाली. मे २०२५ मध्ये ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने आणखी चार माजी अधिकाऱ्यांना दोषी धरलं, त्यातले दोघे तुरुंगात जाणार. मालकाला चेक मिळाला. श्वास घेणाऱ्याकडे मात्र पावती नव्हती.

जर्मनीतल्या मालकांना तर चेकही सहज मिळाला नाही. युरोपात कंपनीने सुरुवातीला सॉफ्टवेअर बदलून देऊ एवढंच म्हटलं. एका गृहस्थाने २०१४ मध्ये ३१,४९० युरोला जुनी शरान गाडी घेतली होती. तो लढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि २५ मे २०२० ला निकाल लागला की कंपनीने ग्राहकांना जाणूनबुजून फसवलं, गाडी परत घेऊन पैसे द्यावेत. पण जितके किलोमीटर गाडी वापरली त्याचे पैसे कापून. त्याच्या हाती साधारण २५,६०० युरो आले. बऱ्याच मालकांना ही कपात झोंबली. मला ती रास्त वाटते. गाडीने त्याची कामं केलीच होती ना.

भारताची गोष्ट थोडक्यात आटपते, कारण ती इथे थोडक्यातच आटपली. १ डिसेंबर २०१५ ला कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलून देण्याचं जाहीर केलं. फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी, तिन्ही मिळून. यातल्या बऱ्याचशा गाड्या चाकण आणि औरंगाबादच्या कारखान्यांतून निघालेल्या. म्हणजे हे दूर कुठे जर्मनीत घडलेलं नाही. त्याआधी पुण्यात एआरएआयने गाड्या रस्त्यावर तपासल्या तेव्हा प्रयोगशाळेतले आणि रस्त्यावरचे आकडे जुळत नव्हते. कंपनीचं म्हणणं असं की भारतात रस्त्यावरच्या चाचणीचा नियमच नाही, म्हणून आम्ही कायदा मोडलेला नाही. नियम नव्हता हे खरंच होतं. रस्त्यावरची चाचणी आपल्याकडे एप्रिल २०२३ पासून बंधनकारक झाली. मार्च २०१९ मध्ये हरित लवादाने ५०० कोटींचा दंड ठोठावला, दोन महिन्यांत सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली. गाडी परत घेण्याची योजना इथे आलीच नाही. आणि इथे कुणी ती फारशी मागितल्याचंही मला आठवत नाही. २०१३ मध्ये जनरल मोटर्सने १ लाख १४ हजार टॅव्हेरा परत बोलावल्या होत्या, चाचणीला निवडक इंजिनं बसवून पाठवल्याचं उघड झालं म्हणून. ते तरी किती जणांच्या लक्षात आहे?

माझी आपा भोसरीला राहते, पुणे-नाशिक रस्त्याला लागून. खिडकी उघडली की चाकणकडे जाणारे ट्रक. दुल्हाभाईंचं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. त्यांच्या धाकटीला, म्हणजे माझ्या भाचीला, दमा आहे; तिच्या दप्तरात डब्याशेजारी पंप असतो. दम्याचं कारण अमुकच असं डॉक्टर म्हणत नाहीत, आणि मीही म्हणणार नाही.

मी दुल्हाभाईंना विचारलं होतं की २०१६ मध्ये गाड्या परत बोलावल्याची पत्रं आली तेव्हा तुमची गिऱ्हाइकं काय म्हणायची? ते म्हणाले, "एकच विचारायची. ॲव्हरेज पडेल का?" हवेचं कुणी विचारलं का? ते हसले. म्हणाले, जुन्या वडापच्या जीपा होत्या तेव्हा पासिंगच्या आदल्या दिवशी ड्रायव्हर यायचे, पंप कमी करून घ्यायचे, म्हणजे धूर कमी. आरटीओचा शिक्का बसला की दुसऱ्या दिवशी येऊन पंप पुन्हा वाढवून घ्यायचे, कारण कमी पंपावर जीप भरलेल्या माणसांनिशी घाट चढत नाही. "कंपनीने कॉम्प्युटर लावला, आपल्याकडे स्क्रू ड्रायव्हर होता."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मला माहीत नव्हती. डिझेल गाडीत ईजीआर नावाचा एक वाल्व्ह असतो. इंजिनातून बाहेर पडणारा थोडा धूर तो परत आत घेतो, त्याने आतली उष्णता कमी होते आणि नॉक्स घटतो. काही वर्षांत तो काजळीने जाम होतो. गाडी ओढत नाही, काळा धूर मारते. साफ करायचा तर अर्धा दिवस मोडतो. त्यापेक्षा सोपं म्हणजे मध्ये एक पत्रा टाकून वाटच बंद करायची. पाव तासाचं काम. गिऱ्हाईकच येऊन सांगतं, भाई, ईजीआर ब्लॉक करून द्या.

"आणि पत्रा टाकला की धूर कमी होतो," ते म्हणाले. मला आधी नीट समजलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. काळा धूर खरंच कमी होतो, इंजिन मोकळं पळतं, आणि जो दिसत नाही तो नॉक्स वाढतो. आपलं पीयूसी डिझेल गाडीचा फक्त धूर बघतं, तो किती दाट आहे एवढंच. नॉक्स मोजतच नाही. म्हणजे पत्रा टाकलेली गाडी पीयूसीला उलट चांगली ठरते, आणि मालक समाधानाने घरी जातो की आपली गाडी आता स्वच्छ झाली.

मला ती तीन म्हाताऱ्यांची जाहिरात तेव्हाच त्यांना दाखवावीशी वाटली. दाखवलीही. त्यांनी दोनदा बघितली आणि म्हणाले, आमचं पीयूसी पण हेच करतं, फक्त स्कार्फचे पैसे घेत नाही ती बाई.

मग आमचा वाद झाला. मी म्हटलं, तुम्ही पत्रा टाकता तेव्हा गिऱ्हाइकाला सांगता का, की दिसणारा कमी होईल आणि न दिसणारा वाढेल? ते म्हणाले, मी विकत नाहीये, तो मागतोय ते करून देतोय. मी म्हटलं, ऐब तुम्हाला माहीत आहे, त्याला नाही. ते चिडले. मी नाही टाकला तर पुढच्या गल्लीत टाकून घेईल, गिऱ्हाईकही जाईल आणि नॉक्सही तिथेच राहील. माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. आजही पक्कं नाही. आपा चहा घेऊन आली, भाची बाजूला अभ्यास करत बसली होती, तिने वर बघितलं आणि विचारलं, "नॉक्स काय असतं?" कुणीच लगेच बोललं नाही. शेवटी दुल्हाभाईंनीच तिला सांगितलं, अगदी नीट, वहीवर इंजिनाचं चित्र काढून. वाल्व्ह कुठे असतो तेही दाखवलं. पत्रा काढून दाखवला नाही.

त्यानंतर त्यांनी आपणहून एक सुरू केलंय. गिऱ्हाईक ब्लॉक करायला आलं की आधी सांगतात काय होतं ते, आणि साफ करायचा दर थोडा कमी करून सांगतात. मी परवा फोनवर विचारलं, काय प्रतिसाद? म्हणाले, गेल्या महिन्यात चार जण आले. एकाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, भाई, रस्त्यावर एवढे ट्रक आहेत, माझ्या एकट्याने काय होतंय. दुसऱ्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. तिसऱ्याने दोन्ही दर वहीत लिहून घेतले, खिशात हात घालून थोडा वेळ उभा राहिला आणि शेवटी पत्राच टाकून घेतला. चौथा म्हणाला, बायकोला विचारून सांगतो, आमच्याकडे बाळ आहे लहान.

तो अजून आलेला नाही.